सुटा रंग

सोमवार, ४ मार्च

मुंगी,

आशीर्वाद लिहितो. ते घ्यावेस असा आग्रह नाही, पण पत्राला सुरुवात लागते.

काल तुझा फोन आला तेव्हा मी "पाहतो" एवढेच म्हणालो, कारण रंगशाळेत माणसे होती. घर सोडल्यापासून तू पहिल्यांदाच फोन केलास, आणि तोही कापड काळे रंगवून मिळेल का हे विचारायला. तुझ्या आईला सांगितले तर ती म्हणाली, "गिऱ्हाईक म्हणून का होईना, आली ना."

तुमचा बेत मला समजला तो असा. पुढच्या मंगळवारी पाहुणे राष्ट्राध्यक्ष विमानतळावरून ज्या रस्त्याने जाणार, त्याच्या कडेला तुम्ही मंडळी एकच लांबलचक काळे कापड हातांत धरून उभी राहणार. घोषणा नाहीत, फलक नाहीत. तू शिकवतेस त्या शाळेतून शिकून गेलेले, ऐकू न येणारे तरुण तुमच्यात बरेच असणार. घोषणा त्यांच्या उपयोगाच्या नाहीत, म्हणून ही युक्ती. "रस्त्याला काळी किनार लावायची, बाबा," असे तू म्हणालीस. या गृहस्थांच्या विमानांनी सीमेवरची जी गावे पाडली, त्यांत बहिऱ्या मुलांची एक शाळा होती आणि धोक्याचा भोंगा त्या मुलांना ऐकूच आला नाही, हेही सांगितलेस. मी वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. ही बातमी माझ्या नजरेतून कशी सुटली, कळत नाही.

अडचण एकच आहे. त्याच पाहुण्यांच्या देशाचे जांभळे-पांढरे झेंडे सध्या आपल्याकडे रंगत आहेत. सरकारच्या स्वागत कक्षाचे अधिकारी दिवसाआड पाहणीला येतात. या आठवड्यात शहरातल्या कोणत्याही रंगशाळेने काळ्याचे मोठे काम घेऊ नये, असे त्यांनी मला चहा पिता पिता सुचवले. लेखी काही नाही.

तरीही कापड पाठव. आपल्याकडे दिवस फिक्या रंगाने सुरू होतो आणि गडदाने संपतो, हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस. झेंडे वाळत पडले की शेवटच्या हौदात काळा घेता येईल. कोणी काही विचारण्याचे कारण नाही.

राहिले ते माझे जुने वाक्य. "हातवारे करायला पदवी कशाला लागते?" असे मी तुझ्या नोकरीबद्दल तुझ्या मामांसमोर म्हणालो होतो. ते विनोदाने म्हटले होते. मामा हसलेही होते.

बाबा


शनिवार, ९ मार्च

मुंगी,

कापड तू आज दुपारी घेऊन गेलीस. चहा उभ्यानेच घेतलास, पण घेतलास, हे तुझ्या आईला मी दोनदा सांगितले.

तुझ्या खोलीत राहणारी ती चष्मेवाली मुलगी मला आवडली. तिने हातांनी काहीतरी विचारले आणि तू भाषांतर केलेस, "ती विचारते, तुझे बाबा घरीही इतकेच बोलतात का? मग ते आमच्यातलेच." आपले मिस्त्री हातातला बांबू टाकून हसले. मीही हसलो असतो, पण त्या वेळी तू कापडाचे टोक हातात घेऊन बादलीकडे निघाली होतीस. रंगाऱ्याची मुलगी, टोक भिजवून, पांढऱ्या चिंधीवर घासून पाहिल्याशिवाय तू कापड ताब्यात घेणार नाहीस, हे मी धरूनच चाललो होतो. मग तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "तुम्ही रंगवलंय ना, बाबा? मग काय बघायचं त्यात."

आजोबांनी दारावर लावलेली पाटी तू जाताना वाचलीस, हेही मी पाहिले. "रंग गेला तर कापड परत." लहान असताना ती पाटी तू गाण्यासारखी म्हणायचीस.

एक सूचना आहे. कापड कोरडे ठेवावे. मंगळवारी पाऊस येईलसे वाटले किंवा पाण्याचा कसलाही संभव दिसला तर ते घडी करून बाजूला ठेवावे. कारण विचारू नकोस. एवढे माझे ऐकावे.

बाबा


गुरुवार, १४ मार्च

मुंगी,

मंगळवारी आम्ही दोघांनी सगळे टीव्हीवर पाहिले. तुझ्या आईने तुला ओळखले. मी आधी कापड ओळखले.

तुम्ही शांतपणे उभे होता. पोलिसांनी पाण्याचे फवारे का सोडावेत हे मला समजले नाही. पण पाणी पडले आणि काळे कापड बघता बघता उतरत गेले. पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा तुमच्या हातांत भांडी घासलेल्या पाण्याच्या रंगाचे एक लांब फडके होते. निवेदक म्हणाला, स्वागताला फरशी पुसायची फडकी आणली आहेत. तुझ्या आईने टीव्ही बंद केला.

झाले ते असे असावे. मिठाने रंग कापडावर चढतो, धुण्याच्या सोड्याने तो कापडात पक्का बसतो आणि शेवटी साबणाच्या गरम पाण्याने उरलेला सुटा रंग निघून जातो. मिस्त्री बहुधा सोडा घालायला विसरले. वय झाले आहे त्यांचे. झेंड्यांची घाईही होती. मी त्यांना विचारणार आहे.

आता पोलीस बस थांब्यांवर, बँकेच्या दारात, शाळांच्या फाटकांवर लोकांना "हात दाखवा" म्हणत आहेत. जमावबंदी असताना त्या रस्त्यावर कोण होते, हे तळहातांवरून कळते. हातमोजे घातलेल्यांना तर आधी थांबवतात. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तोंडं वाचली, हातच काळे झाले." या माणसाला कुठे काय बोलावे याचा पोच नाही.

तू बाहेर पडू नकोस. साबणाने जाईल हळूहळू.

चष्मेवाली काल रंगशाळेवर येऊन गेली असे कळते. मी कामात होतो. भेट झाली नाही.

बाबा


रविवार, १७ मार्च

मुंगी,

हे पत्र वकीलबाई तुझ्या हातात देतील. कोठडीत पत्र देऊ देतात का, हे मी त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "देतात. वाचायचं की नाही, हे मात्र तिच्यावर."

त्यांच्याकडून सगळे समजले. चष्मेवालीला बुधवारी रस्त्यात धरले. चौकीत तिला काय विचारत आहेत ते तिला कळेना आणि ती काय सांगते ते त्यांना. म्हणून तू आपणहून तिथे गेलीस, तिच्या बाजूने बोलायला. तिचे म्हणणे सांगता सांगता तुझेही हात टेबलाच्या वर आले आणि त्यांनी ते पाहिले. तुझ्या शाळेने तुला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नकोस असे कळवले आहे. ज्या हातांनी तू शिकवतेस तेच हात खटल्यात पुरावा म्हणून लिहिले गेले आहेत, हे वाक्य वकीलबाईंचे आहे. मला ते सुचले नसते.

मागच्या पत्रात मिस्त्रींबद्दल लिहिले ते खोटे आहे. मिस्त्री काही विसरले नाहीत. सोड्याचे पोते त्यांनी हौदाकडे आणले होते. ते परत न्यायला मी सांगितले. साबणाचे पाणीही काढू दिले नाही. ते म्हणाले, "साहेब, मग हा रंग नाही, नुसतं रंगाचं पाणी झालं." मी म्हणालो, मला कळते.

का, ते लिहितो. माझा हिशेब असा होता की तुम्ही उभे राहाल, छायाचित्रे निघतील, आणि पोलीस कापड जप्त करायला आले तर कोणत्याही नळाखाली धरले की काळे नाहीसे होईल. पुरावा उरणार नाही. तुझे रक्षण होईल आणि रंगशाळेचेही. हा विचार मला त्या दिवशी फार चोख वाटला होता. तुला नाही म्हणावे लागले नाही, अधिकाऱ्यांनाही नाही म्हणावे लागले नाही.

पण जो रंग सुती कापडात बसला नाही, तो कातडीत मात्र बसतो. मला हे माहीत नव्हते असे लिहायला घेतले होते. तो कागद फाडला. आपल्याकडच्या प्रत्येक माणसाचे हात मी रोज पाहतो. मला ते माहीत होते. मी कापडाचा विचार केला. ते कोणीतरी धरणार आहे, याचा केला नाही.

कापड कोरडे ठेवण्याची सूचना मी तुला समोरासमोर देऊ शकलो असतो. तू माझ्यापासून हातभर अंतरावर चहा पीत होतीस. मी ती पत्राने दिली आणि पत्र शनिवारी संध्याकाळी, टपाल निघून गेल्यावर, पेटीत टाकले. ते तुला मंगळवारनंतर मिळेल हे मला ठाऊक होते. तरीही टाकले, म्हणजे मी सांगितले होते असे मला म्हणता यावे.

बाबा


बुधवार, २० मार्च

मुंगी,

वकीलबाईंनी सांगितले की तू पत्र वाचलेस, त्याची घडी केलीस आणि एवढेच विचारलेस, "मैत्रीण रंगशाळेवर गेली होती, त्याचं काय?"

त्याचे असे.

गेल्या बुधवारी सकाळी स्वागत कक्षाचे अधिकारी माझ्या केबिनमध्ये बसले होते. दौरा व्यवस्थित पार पडला म्हणून ते खुशीत होते आणि पुढच्या एका पाहुण्यांच्या झेंड्यांचे बोलत होते. काचेच्या दारापाशी चष्मेवाली येऊन उभी राहिली. तिने आधी मला हात जोडले. मग दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडे केले. मनगटापर्यंत काळे. मग एक हात दुसऱ्यावर घासून भुवया उंचावल्या. हे निघेल कशाने, एवढेच ती विचारत होती. हे समजायला पदवी लागत नाही.

आपल्याकडे मोरीजवळ हायड्रोचा डबा असतो. त्यातली चिमूटभर पूड कोमट पाण्यात टाकून आपली माणसे रोज काम सुटल्यावर हात धुतात आणि स्वच्छ हातांनी घरी जातात. लहानपणी तू शाईची बोटे त्यातच बुडवायचीस आणि आई रागवायची. तो डबा केबिनच्या दारातून दिसत होता. तिला दिला असता तर तुम्हा सगळ्यांचे हात त्याच दिवशी स्वच्छ झाले असते.

अधिकाऱ्यांनी विचारले, "ही कोण?"

रंगशाळेत काळ्या हातांची बाई उभी होती. जगात अशी एकच जागा असेल जिथे त्या हातांचे कोणाला काही वाटले नसते. मी "आमच्याकडे कामाला आहे" म्हटले असते तर ते पुन्हा चहाकडे वळले असते. मी म्हणालो, "माहीत नाही. काय हातवारे करते, कळत नाही मला."

आणि तिच्याकडे पाहून, दोन्ही हात एकमेकांवर चोळत, मोठ्या आवाजात म्हणालो, "साबण! साबण लाव! जाईल!" ऐकू न येणाऱ्या माणसापुढे मी आवाज चढवला. तिने माझ्या हातांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. तिला उत्तर मिळाले होते. ती गेली. अधिकारी फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेले. परत आले तेव्हा पुन्हा झेंड्यांचेच बोलू लागले, आणि मीही बोललो. तिला रस्त्यात धरले ते इथून बाहेर पडल्यावरच.

हे सर्व काल तुझ्या आईला सांगितले. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, "हे पोरीला सांगितलंत?" मी नाही म्हणालो. "मग मला कशाला सांगताय? मी काय पोस्ट आहे?"

म्हणून लिहिले.

वकीलबाईंचे म्हणणे असे की सरकारपक्षाकडे बहुतेकांविरुद्ध हातांखेरीज काही नाही. तो डाग कशाचा, कशाने लागतो आणि कोणाकोणाला लागू शकतो, हे कोणी जबाबदार माणसाने शपथेवर सांगितले तर पुरावा टिकणार नाही. पण तसे सांगणाऱ्याला हेही सांगावे लागेल की त्याने गिऱ्हाइकाला जाणूनबुजून कच्चा रंग दिला. "पाटीचं काय होईल, ते बघा," असे त्या म्हणाल्या. आजोबांच्या पाटीची कीर्ती त्यांच्यापर्यंतही पोचलेली दिसते.

साक्षीला मी नाव दिले आहे. तुला विचारले नाही. तू नको म्हणाली असतीस तर ते मला सोयीचे झाले असते.

बाबा


मंगळवार, २ एप्रिल

मुंगी,

काल न्यायालयात तू होतीस, तेव्हा तुला नवे काही सांगण्यासारखे नाही. तरीही लिहितो, कारण तू पूर्ण वेळ खिडकीकडे पाहत होतीस.

सरकारी वकिलांनी मला विचारले, "आपण वाणिज्य शाखेचे पदवीधर. व्यवसायात इतकी वर्षं. आणि आपण समजून उमजून गिऱ्हाइकाला कच्चा रंग दिलात?"

"हो."

"कोणत्या गिऱ्हाइकाला?"

"मुलीला."

मला वाटते, पुढचा प्रश्न त्यांनी बदलला.

मी शेवटच्या हौदातला उरलेला कोरडा तुकडा बरोबर नेला होता. न्यायाधीशांच्या परवानगीने बादली आली. तुकडा मी स्वतः बुडवला, स्वतः पिळला आणि हात वर केले. मिस्त्री असते तर त्यांना काहीतरी सुचले असते, पण त्यांना मी बाहेर बसवले होते. मग शिपाई बादली आणि तुकडा उचलून नेऊ लागला आणि दारापर्यंत पोचेपर्यंत त्याचेही हात तसेच झाले. ते त्याने पाठीमागे लपवले. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारले, "तुम्ही त्या दिवशी कुठे होता?" तो म्हणाला, "इथंच, साहेब. तुमच्यासमोर." तेव्हा लोक हसले. वकीलबाईंना पुढे फारसे बोलावे लागले नाही. ज्यांच्याविरुद्ध हातांखेरीज काही नव्हते, त्या सर्वांना सोडण्याचा आदेश झाला. त्यात तुम्ही दोघी आहात.

चष्मेवालीला चौकीत कसे आणले गेले हेही मी सांगायला सुरुवात केली होती. ते या प्रकरणात अप्रस्तुत आहे, असे सांगून मला थांबवण्यात आले. ते तसेच राहिले आहे. नोंदीत कुठे नाही.

आज सकाळी दोन जुनी गिऱ्हाइके आपले कोरे कापड परत घेऊन गेली. भांडली नाहीत, नमस्कार करून गेली. मी शिडी आणून पाटी उतरवली. मिस्त्री खाली शिडी धरून उभे होते. म्हणाले, "काढू नका, साहेब. खाली बारीक अक्षरांत लिहू, एक वेळ सोडून." मी पाटी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि आत ठेवली. आजोबांच्या वेळेपासून ते इथे आहेत, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले. मी त्यांच्या माथी काय मारू पाहत होतो, ते त्यांना सांगितले. ते म्हणाले, "माहीत आहे. बाईसाहेबांनी सांगितलं." तुझी आई शेवटी पोस्ट झालीच.

आता जे घडले ते मला नीट लिहायचे आहे.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर तुम्ही दोघी उभ्या होता. मी वरून उतरत होतो आणि शक्य झाले असते तर दुसऱ्या जिन्याने गेलो असतो. पण दुसरा जिना नाही. चष्मेवाली पुढे आली. माझे हात मी खिशात घातले नव्हते, हे मी स्वतःबद्दल नोंदवून ठेवतो. तिने ते धरून उलटे केले, तळवे पाहिले. मग स्वतःचे दोन्ही हात एकमेकांवर चोळले, मोठे मोठे, अगदी मी केले होते तसे, आणि तोंडही तसेच मोठे उघडले, आवाज न करता. मला वाटते माझी नक्कल इतकी चांगली कोणी केली नसेल.

मला समजले होते. तरी तू तुझे काम केलेस. माझ्याकडे पाहिलेस, त्या दिवसात पहिल्यांदा, आणि म्हणालीस, "ती म्हणते, साबण लावा. जाईल."

तू हसली नाहीस. रागावलीही नाहीस. बस आली आणि तुम्ही गेलात.

घरी आलो तेव्हा तुझ्या आईने दार उघडले, हात पाहिले आणि बाजूला झाली. मोरीवर तिने घरातला हायड्रोचा डबा काढून ठेवला होता. मी तो झाकण न उघडता जागेवर ठेवला. हे लिहिताना कागदाच्या कडेला बोटाचा ठसा उमटला आहे, तो तुला दिसेल. एरवी मी कागद बदलला असता.

साबण लावतो आहे. सकाळी लावला, आता पुन्हा लावला. तळहातावरचा थोडा फिकटला आहे. रेषांमधला अजून गेलेला नाही.

बाबा